मुक्त व्यापार, परकी गुंतवणूक आणि स्त्रियांचे हक्क: मूल्यमापन करताना नेमकं काय तपासायचं?

उत्तरा

एका प्रस्तावित मुक्त व्यापार कराराचं आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या निर्यात प्रक्रिया क्षेत्राचं (निर्यातीच्या कारखान्यांसाठी वेगळ्या राखलेल्या भागाचं) स्त्रियांच्या हक्कांच्या अंगाने मूल्यमापन लिहायचं आहे. देश कुठला हा मुद्दा नाही, मला पद्धत हवी आहे.

वाचायला घेतलं की दोन टोकं सापडतात. एक बाजू म्हणते, निर्यातीच्या कारखान्यांनी लाखो बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा पगार दिला, मुली जास्त शिकल्या, लग्नं लांबली. दुसरी बाजू बांगलादेशातल्या राना प्लाझाकडे, कपड्यांचे कारखाने असलेल्या त्या कोसळलेल्या इमारतीकडे, बोट दाखवते. दोन्ही खरं आहे. म्हणून 'परिणाम संमिश्र आहेत' असं लिहून मोकळं होता येतं, पण असा अहवाल ना वाटाघाटी करणाऱ्यांच्या कामाचा, ना कामगार संघटनेच्या.

तेव्हा जाणकारांना विचारते. रोजगाराचे आकडे कुठे फसवतात? कारखान्याच्या आत हक्क टिकतात की नाही हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि करारात 'लिंगसमानता' नावाचं प्रकरण असलं तर त्याचा खरंच उपयोग होतो का, की ते शोभेचं असतं?

शुल्कसूची

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

व्यापार वाढला की भेदभाव कमी होतो, या समजुतीमागे एक जुना आर्थिक तर्क आहे. स्पर्धा नसलेल्या धंद्यात मालकाला भेदभाव परवडतो, कारण जास्तीचा नफा त्याची किंमत झाकतो. आयात खुली झाली, नफा आटला, की तीच कामं कमी पगारात करायला तयार असलेल्या बायकांना नाकारणं महाग पडतं. अमेरिकेतल्या १९७६ ते १९९३ या काळाच्या अभ्यासात हे दिसलं: थोड्याच कंपन्यांच्या हाती असलेल्या उद्योगांत परदेशी स्पर्धा शिरल्यावर स्त्री-पुरुष वेतनातली अस्पष्टीकृत तफावत (शिक्षण, अनुभव यांतल्या फरकाने न उलगडणारी) तुलनेने जास्त घटली. पण हाच तर्क तैवान आणि दक्षिण कोरियाला लावला तेव्हा उलटं निघालं. तिथे तशाच उद्योगांत आयात-स्पर्धेबरोबर वेतनातला भेदभाव वाढलेला दिसला. वाटाघाटीची ताकद नसलेल्या गटावरच खर्चकपात ढकलली जाते, हे त्याचं सरळ स्पष्टीकरण. तेव्हा स्पर्धा आपोआप न्याय करते हे गृहीतक अहवालात नको.

रोजगाराबाबत चित्र जास्त स्पष्ट आहे. जागतिक बँक आणि जागतिक व्यापार संघटनेच्या २०२०च्या संयुक्त अहवालानुसार विकसनशील देशांत निर्यात करणाऱ्या कंपन्यांच्या मनुष्यबळात स्त्रिया सुमारे ३३ टक्के, तर निर्यात न करणाऱ्यांत सुमारे २४ टक्के. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांजवळच्या गावांतल्या मुलींचं लग्न आणि पहिलं मूल लांबलं, शिक्षण वाढलं. उत्तर भारतातल्या काही खेड्यांत तीन वर्षं कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांसाठी तरुणींची भरती करून पाहिली, तेव्हाही लग्न आणि मूल लांबल्याचं आढळलं. हे परिणाम खरे आहेत आणि मोठे आहेत. व्यापाराच्या टीकाकारांनी ते उडवून लावू नयेत.

पण शिक्षणावरचा परिणाम नोकरीच्या अटीवर ठरतो. मेक्सिकोत १९८६ ते २००० दरम्यान निर्यातीच्या कारखान्यांत दर २५ नव्या नोकऱ्यांमागे एक विद्यार्थी नववीतच शाळा सोडत होता, कारण त्या नोकरीला पुढच्या इयत्तांची गरजच नव्हती. म्हणून येणाऱ्या कामाची किमान शैक्षणिक अट काय आहे, हे गुंतवणूकदाराला आधी विचारा. वाचता-लिहिता येणं पुरेसं असेल तर घरच्यांना मुलीला प्राथमिक शाळेत घालावंसं वाटेल, पण सोळाव्या वर्षी काढून घ्यावंसंही वाटेल.

आता आकडे कसे जुळवायचे. आयातशुल्क कमी होणाऱ्या वस्तूंची यादी एचएस कोडमध्ये, म्हणजे वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकांत असते. श्रमशक्ती सर्वेक्षण उद्योगाच्या कोडमध्ये असतं. दोन्ही जुळवण्याचे तक्ते संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडे आहेत. त्यावरून प्रत्येक उद्योगातलं स्त्रियांचं प्रमाण, तासाचं वेतन आणि शुल्ककपातीचा आकार एका तक्त्यात मांडा. आयातीशी झुंजणारे उद्योग वेगळे ठेवा, निर्यातीचे वेगळे. एकत्र केले की नफा-तोटा एकमेकांना खाऊन शून्य दिसतो, प्रत्यक्षात मात्र एका गावातल्या बायकांची कामं जातात आणि दुसऱ्याच गावातल्यांना मिळतात.

चुका इथे होतात. महिन्याचं वेतन धरलं तर ओव्हरटाइममुळे स्त्रियांची परिस्थिती आहे त्याहून बरी दिसते, म्हणून तासाचंच धरा. गुंतवणूक मंडळाचे रोजगाराचे आकडे बहुतेकदा अर्जात दिलेल्या वचनांचे असतात. घरी बसून नगावर शिलाई, मणीकाम, विडीकाम करणाऱ्या बायका सर्वेक्षणात 'स्वयंरोजगार' म्हणून पडतात किंवा पडतच नाहीत. आणि परकी गुंतवणुकीचा एकूण आकडा तर काहीच सांगत नाही. चालू कंपनी विकत घेतली तरी तो पैसा गुंतवणुकीत मोजला जातो, नवी नोकरी एकही नसते. खाणीत आलेला पैसा मोठा असतो, नोकऱ्या थोड्या आणि बहुतेक पुरुषांच्या. क्षेत्रनिहाय तोडल्याशिवाय तो आकडा वापरू नका.

शेवटचं, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जातं: बायकांचा वाटा काळाबरोबर घटतो. मेक्सिकोच्या माकिलादोरा कारखान्यांत (सुटे भाग आणून निर्यातीसाठी माल जोडणाऱ्या) सुरुवातीला तीन चतुर्थांशांहून जास्त कामगार स्त्रिया होत्या. वाहनांचे भाग, इलेक्ट्रॉनिक्स असं जास्त भांडवलाचं काम आलं तसा पुरुषांचा वाटा वाढत गेला. बांगलादेशातही विणकामाची संगणकीय यंत्रं आली तेव्हा ती चालवायचं प्रशिक्षण पुरुषांना मिळालं. यंत्र स्वतः कुणाला हाकलत नाही. त्याच मेक्सिकोत नाफ्तानंतर (अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार) शारीरिक ताकदीची गरज कमी करणारी यंत्रं घेतलेल्या कारखान्यांत कामगार-पातळीवर स्त्रियांचा वाटा आणि सापेक्ष वेतन सुधारलं, असाही अभ्यास आहे. फरक प्रशिक्षणाच्या यादीत कुणाची नावं आहेत यात असतो. तेव्हा दहा वर्षांचा अंदाज मांडताना आजचं प्रमाण पुढे ओढू नका.

लाइनबॅलन्स

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कारखान्याच्या भिंतीआड शोधण्याआधी खरेदीच्या ऑर्डरमध्ये शोधा. कामाचे तास, शिवीगाळ, गरोदर बाईला काढून टाकणं, यातला मोठा भाग तिथेच ठरतो.

हिशोब करून दाखवतो. एका कपड्याला १२ प्रमाणित मिनिटं (पूर्ण कार्यक्षमतेने काम केलं तर लागणारा वेळ) लागतात. ३० ऑपरेटरची लाइन, ४८० मिनिटांची पाळी, म्हणजे दिवसाला १४,४०० मिनिटं. लाइनची कार्यक्षमता ५० टक्के धरली (ही काही वाईट नाही) तर ७,२०० प्रमाणित मिनिटं, म्हणजे दिवसाला ६०० नग. ऑर्डर ६०,००० नगांची, लाइनी पाच. २० दिवसांत काम होतं, एक मिनिटही ओव्हरटाइम न करता. आता ब्रँडने कापडाच्या रंगाला मंजुरी सहा दिवस उशिरा दिली आणि जहाजाची तारीख तीच ठेवली. १४ दिवसांत ४२,००० नग होतात, १८,००० उरतात. ते त्याच लाइनींवर काढायचे तर रोज प्रत्येकीला सुमारे ३ तास २५ मिनिटं जास्त बसावं लागेल. बऱ्याच ठिकाणी कायद्याने रोजचा ओव्हरटाइम दोन तासांच्या आसपास थांबतो. मग कारखान्यापुढे तीन वाटा: खोटं मस्टर, बाहेरच्या न नोंदलेल्या शेडला काम, किंवा तारीख चुकवून विमानाने माल पाठवण्याचा खर्च स्वतः सोसणं. तिसरी वाट फार कमी जण घेतात.

याचा भार बायकांवर का पडतो? रात्री दहाला सुटलेल्या बाईला वाहन नसतं, घरी मूल असतं, आणि नकार दिला तर उद्या लाइनवरून हेल्परच्या कामावर बसवलं जाईल ही भीती असते. टार्गेटचा ताण सुपरवायझरवर येतो, तो तोंडाने आणि हाताने खाली उतरतो. सुपरवायझर बहुतेक पुरुष, ऑपरेटर बहुतेक स्त्रिया. लैंगिक छळ हा 'वाईट माणसांचा' प्रश्न म्हणून हाताळणारे सगळे प्रशिक्षण कार्यक्रम इथेच फसतात. ओव्हरटाइम कुणाला, सुट्टी कुणाला, सोपं मशीन कुणाला, हे ज्याच्या एकट्याच्या मर्जीवर आहे त्याच्याविरुद्ध तक्रार होत नाही.

म्हणून कारखान्याकडे मागायची कागदपत्रं अशी: ऑर्डरची मूळ तारीख आणि बदललेली तारीख, नमुना-मंजुरीचे ईमेल, गेट पासच्या वेळा (मस्टरपेक्षा यांवर जास्त भरवसा ठेवावा), विजेच्या बिलातला रात्रीचा वापर, बाळंतपणाची रजा घेतलेल्यांपैकी किती जणी कामावर परतल्या. हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. कामगारांत ६० टक्के तरुण स्त्रिया असताना वर्षभरात बाळंतरजा एक-दोनच निघाल्या, तर गरोदरपण कळताच राजीनामे घेतले जात आहेत असं समजून पुढची तपासणी करा.

सामाजिक ऑडिटच्या प्रमाणपत्रावर मूल्यमापन उभं करू नका. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामाच्या चांगल्या स्थितीचं एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं, ११ सप्टेंबरला तिथे लागलेल्या आगीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. ऑडिट आधी कळवून होतं, पैसे बहुधा कारखानाच भरतो, मुलाखती कारखान्यातच होतात. अशा मुलाखतीत छळाबद्दल कुठली बाई बोलेल?

चाललेल्या उपायांत मला एक साम्य दिसतं: ब्रँडवर कायदेशीर बंधन आणि तक्रारीची यंत्रणा मालकाच्या हाताबाहेर. २४ एप्रिल २०१३ला राना प्लाझात १,१३४ माणसं मेली. त्याआधीच्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. त्यानंतरचा अकॉर्ड हा ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला बंधनकारक करार होता. कामगार संघटनांनी त्याखाली हेगच्या कायम लवाद न्यायालयाच्या यंत्रणेत ब्रँडविरुद्ध दावे नेले आणि २०१८च्या जानेवारीत एका प्रकरणात २३ लाख डॉलरची तडजोड झाली. मूळ अकॉर्ड मात्र आग आणि इमारतीपुरता होता. छळासाठी आफ्रिकेतल्या लेसोथोचा २०१९चा करार पाहा: कारखाना, ब्रँड, कामगार संघटना आणि स्त्री संघटना एकत्र, स्वतंत्र चौकशी मंडळ, आणि निर्णय पाळला नाही तर ब्रँडने ऑर्डर कमी करायची. एप्रिल २०२२चा तमिळनाडूतला दिंडीगुल करार त्याच धाटणीचा आहे. तिथे कामाच्या मजल्यावर संघटनेने प्रशिक्षित केलेल्या निरीक्षक कामगार स्त्रिया असतात आणि टार्गेटवरून होणारी शिवीगाळही तक्रारीत मोजली जाते. अशी यंत्रणा आहे का, एवढं विचारलंत तरी निम्मं उत्तर मिळेल.

पगाराबाबत एक युक्तिवाद तुमच्यासमोर येईलच: मजुरी वाढवली तर कपडा महागेल. शिलाई कामगाराची मजुरी दुकानातल्या किमतीच्या साधारण ३ टक्क्यांपर्यंत असते. मजुरी २५ टक्क्यांनी वाढवली आणि फक्त तेवढीच रक्कम पुढे नेली तर किंमत ०.७५ टक्क्याने वाढते. मधल्या प्रत्येकाने आपला नफा टक्केवारीने चढवला तर वाढ ३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे महागाईचा मोठा हिस्सा नफा लावण्याच्या पद्धतीतून येतो. अहवालात दोन्ही आकडे द्या, एकच दिलात तर कुणीतरी दुसरा काढून दाखवेल.

उत्तरा

लाइनबॅलन्स, बाळंतरजेवरून परतीचा आकडा मी मागण्यांच्या यादीत वर घेतला आहे. कराराच्या मसुद्याबद्दल कुणी लिहील का? माझ्यासमोरच्या मसुद्यात लिंगसमानतेचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचं बरंच कौतुक चाललं आहे.

परिशिष्ट_ब

प्रकरण वाचू नका, आधी त्याचं शेवटचं कलम वाचा. तिथे बहुतेकदा एक वाक्य असतं: या प्रकरणातल्या बाबींना तंटा-निवारण लागू होणार नाही. हे वाक्य असेल तर वरचं सगळं सदिच्छा आहे.

चिली-उरुग्वे करारात (२०१६) असं स्वतंत्र प्रकरण पहिल्यांदा आलं, चिली-कॅनडा करारात ते २०१९ पासून लागू आहे. दोन्हीकडे समिती आहे, अनुभवांची देवाणघेवाण आहे, तंटा-निवारण नाही. कॅनडा-इस्रायलच्या सुधारित करारात (२०१९) ते आहे, पण दोन्ही पक्षांची संमती असेल तरच. तक्रार ज्याच्याविरुद्ध त्याचीही संमती हवी, म्हणजे ते किती वापरलं जाईल हे उघड आहे. जागतिक व्यापार संघटनेत व्यापार आणि स्त्रियांवरची डिसेंबर २०१७ची ब्युनोस आयर्स घोषणाही बंधनकारक नाही. त्या मानाने २०२१च्या सेवा-नियमनाच्या संयुक्त तरतुदीतलं एक छोटं कलम जास्त कामाचं आहे: सेवा व्यवसायाच्या परवान्याच्या निकषांत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. ज्या देशांनी ते आपल्या वचनसूचीत घातलं त्यांच्यावर ते बंधन आहे.

मग खरी ताकद कुठे असते? बहुतेकदा कामगारविषयक प्रकरणात. तिथेही बारकाईने बघा. नाफ्तासोबतच्या कामगार करारात बालमजुरी, किमान वेतन आणि सुरक्षितता हे विषय दंडापर्यंत जाऊ शकत होते, लिंगभेद नाही. १९९७ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या कारखान्यांत नोकरीआधी सक्तीने होणाऱ्या गर्भचाचण्यांविरुद्ध त्याखाली तक्रार झाली. पुरावा भक्कम होता. निष्पत्ती मंत्रीस्तरावरची चर्चा आणि परिषदा. त्या बायकांना नोकरी परत मिळवून देईल असं कुठलंच कलम त्या करारात नव्हतं.

नाफ्ताच्या जागी आलेल्या २०२०च्या यूएसएमसीएत लिंगभेदाविरुद्ध चांगलं कलम आहे, २३.९. त्यात लैंगिक छळ, गरोदरपण, काळजीवाहू जबाबदाऱ्या सगळं आहे. आणि त्याला तळटीप आहे की अमेरिकेची सध्याची संघीय धोरणं यासाठी पुरेशी आहेत, नवीन काही करावं लागणार नाही. तळटिपा वाचण्याची सवय लावून घ्या, हक्क तिथेच कापले जातात. त्याच करारातली कारखानानिहाय जलद तक्रार यंत्रणा मात्र जोरकस आहे. तिचा विषय संघटनस्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी एवढाच, पण मेक्सिकोतल्या सिलाओच्या वाहन कारखान्यात २०२१ मध्ये ती वापरली गेली आणि पुढच्या वर्षी कामगारांनी स्वतंत्र संघटना निवडून आणली. उपाय विशिष्ट कारखान्याच्या मालावर बसतो, संपूर्ण देशावर नाही, म्हणून सरकारं तो वापरायला कचरत नाहीत. युरोपीय संघ-न्यूझीलंड करारात (२०२४ पासून लागू) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मूलभूत तत्त्वांच्या गंभीर भंगावर शेवटचा उपाय म्हणून व्यापारी निर्बंधही ठेवले आहेत, आणि भेदभावबंदी हे त्या तत्त्वांपैकी एक आहे.

मसुद्यात मागायच्या गोष्टी, माझ्या मते या क्रमाने: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १०० आणि १११ या समान वेतन व भेदभावबंदीच्या संकेतनियमांसोबत १८३ आणि १९० यांचा नावाने उल्लेख. १८३ मध्ये किमान १४ आठवड्यांची बाळंतरजा आणि भरतीवेळच्या गर्भचाचणीवर बंदी आहे. १९० हा कामावरच्या हिंसा आणि छळाबद्दल आहे, त्यात कामावर जाण्या-येण्याचा प्रवास आणि मालकाने दिलेलं वसतिगृहही येतं, आणि निर्यात क्षेत्रांत हीच दोन ठिकाणं धोक्याची असतात. 'निर्यात क्षेत्रात देशाचा कामगार कायदा शिथिल करणार नाही' हे स्वतंत्र वाक्य हवंच. बांगलादेशात निर्यात क्षेत्रांसाठी वेगळा कायदा आहे आणि त्यात नेहमीच्या कामगार संघटनेऐवजी 'कल्याण समिती'चा साचा आहे, तेवढ्या फरकाने सामूहिक वाटाघाटीची ताकद बदलते. तक्रार करण्याचा अधिकार संघटनांनाही हवा, फक्त सरकारांना असेल तर राजनैतिक सोयीपुढे ती दाबली जाते.

गुंतवणुकीचं प्रकरण विसरू नका. परकी गुंतवणूकदाराला थेट सरकारवर दावा लावता येत असेल तर समानतेचे कायदेही त्या कक्षेत येतात. इजिप्तवर एका फ्रेंच कंपनीने २०१२ मध्ये लावलेल्या दाव्यात किमान वेतनवाढीमुळे वाढलेला खर्च हाही एक मुद्दा होता. २०१८ मध्ये तो दावा फेटाळला गेला, पण सहा वर्षं खटला लढायचा खर्च सरकारने सोसला. दक्षिण आफ्रिकेच्या खाण सनदेत कृष्णवर्णीयांच्या मालकीची अट होती आणि खाणकामात १० टक्के स्त्रियांचं उद्दिष्टही. खाणविषयक कायद्याच्या मालकीच्या अटींविरुद्ध इटालियन गुंतवणूकदारांनी लवाद मागितला. तो २०१० मध्ये मिटला, गुंतवणूकदारांना सवलत मिळाल्यावर. उपाय सोपा आहे: भेदभाव दूर करण्यासाठी केलेले कायदे, आरक्षण आणि किमान वेतन यांना गुंतवणूक प्रकरणातून स्पष्ट शब्दांत अपवाद. 'सार्वजनिक हिताची धोरणं' असे मोघम शब्द पुरत नाहीत.

बांधावरून

इथवरची सगळी चर्चा कारखान्याच्या फाटकाच्या आत आहे. गरीब देशांत बायका मोठ्या संख्येने शेतात, बाजारात आणि डोक्यावर पाटी घेऊन सीमेवर आहेत. शुल्कसूचींचा तक्ता त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि हे मला खटकतं.

शेतात काय घडतं ते ठरलेलं आहे. पीक घरच्या खाण्यापुरतं असतं तोवर बाईचं. निर्यातीचं झालं, पैसे बँकेत यायला लागले, की पुरुषाचं. केनियाच्या मेरू भागात फरसबी निर्यातीला लागल्यावर पूर्वी बायकांच्या हाती असलेली भाजीपाल्याची जमीन आणि उत्पन्न पुरुषांकडे सरकलं, फरसबीची मेहनत मात्र बायकांचीच राहिली. गॅम्बियात १९८०च्या दशकात जहाली-पचार सिंचन प्रकल्पात भातशेती बायकांची होती, कंत्राटी शेती आली तसं तिचं नियंत्रण घरातल्या पुरुषांकडे गेलं. कंपनी वाईट असायची गरज नसते. करार जमीनमालकाच्या नावाने होतो, पैसे खातेदाराला जातात, जमीन आणि खातं दोन्ही पुरुषाच्या नावावर. एवढं पुरतं. म्हणून कंत्राटी शेतीच्या करारनाम्यात काम करणाऱ्या बाईचं सहकरारदार म्हणून नाव आणि मोबदल्याची विभागणी दोन खात्यांत, ही अट जमिनीचा कायदा बदलण्याची वाट न पाहता घालता येते.

दुसरं, सरकारच्या तिजोरीचं. गरीब देशांच्या करउत्पन्नात सीमाशुल्काचा वाटा मोठा असतो. ते घटलं की भरपाई बहुतेक विक्रीकर किंवा मूल्यवर्धित करातून होते, आणि सगळ्यांत गरीब देशांत ती पूर्ण होतही नाही. तूट दवाखाना, पाणी, बालवाडी यांतून निघते, आणि जे काम सरकार सोडतं ते बाई फुकट करते. तेव्हा महसुलातली घट किती, ती कुठल्या वर्षी किती, आणि भरपाईचा कर कशावर, ही तीन उत्तरं अर्थखात्याकडून लेखी घ्या. धान्य, रॉकेल, सॅनिटरी पॅड यांवर कर असेल तर शुल्ककपातीचा फायदा त्या घरापर्यंत पोचणार नाही. शुल्काच्या यादीतही बघा. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या कपड्यांना कोडच वेगळे असतात (मागावरच्या कापडाच्या सूट-पँटला ६२०३ आणि ६२०४) आणि दर एकसारखे असतीलच असं नाही.

तिसरं, सीमेवरचा लहान व्यापार. काँगो आणि रवांडाच्या सीमेवरच्या गोमा-गिसेन्यीसारख्या नाक्यांवर रोज ये-जा करणाऱ्यांत बायकाच जास्त. शुल्क शून्य झालं तरी लाच, जप्ती आणि अंगाला हात लावणं शून्य होत नाही. आफ्रिकेच्या कोमेसा या व्यापार गटाची सोपी व्यापार पद्धत इथे उपयोगी पडली: ठरलेल्या वस्तूंची यादी, माल २,००० डॉलरपर्यंतचा असेल तर एका पानाचा अर्ज आणि नाक्यावरच मिळणारा उगम दाखला (माल कुठल्या देशाचा ते सांगणारा). ती फसते तेव्हा कारणं तीच असतात. यादी नाक्यावर लावलेली नसते, स्थानिक भाषेत नसते, किंवा आरोग्य दाखल्यासाठी दूरच्या शहरात जावं लागतं. तुमच्या मूल्यमापनात नाक्यावर स्त्री अधिकारी किती, झडतीची आडोशाची जागा आहे का, यादी कुठल्या भाषेत आहे, एवढं तरी येऊ द्या. सरकारला हे बदलायला कराराची एक ओळही लागत नाही.

उत्तरा

एक अडचण उरते. कराराला दात हवेत असं परिशिष्ट_ब म्हणतात. पण निर्बंध लागले की पहिल्या नोकऱ्या त्याच बायकांच्या जातात. मग कामगार संघटना काय मागेल?

परिशिष्ट_ब

ही अडचण खरी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेने बांगलादेशची जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या मालाला मिळणारी शुल्कसवलत) थांबवली, पण कपडे त्या सवलतीत मुळात नव्हतेच, त्यामुळे ज्या उद्योगात माणसं मेली त्याला झळ लागली नाही. उलट २०२०च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने कंबोडियाची सवलत अंशतः काढली, तेव्हा कारण राजकीय हक्कांचं होतं आणि त्या यादीत काही कपडे, पादत्राणं, प्रवासाच्या पिशव्या होत्या, म्हणजे बायकांची कामं. दोन्ही वेळा नेम चुकला.

नेम धरता येतो तो एका कारखान्यावर. दिंडीगुलच्या करारात सामील एका कारखान्याच्या मालावर अमेरिकी सीमाशुल्क खात्याने जुलै २०२२ मध्ये आयातबंदी लावली होती. करारातून झालेले बदल दाखवल्यावर सप्टेंबरमध्ये ती उठली. काय केल्यावर बंदी उठेल हे स्पष्ट होतं आणि ते करून घेणारी कामगार संघटना तिथे हजर होती, म्हणून हे दोन महिन्यांत झालं.

लाइनबॅलन्स

आणि बक्षिसाची वाट विसरू नका. अमेरिका-कंबोडिया वस्त्र करारात (१९९९ ते २००४) कामाची स्थिती सुधारली तर निर्यातीचा जास्तीचा कोटा मिळत होता आणि तपासणी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना करत होती. कारखानदारच एकमेकांवर लक्ष ठेवू लागतात, कारण एकाने घोळ घातला तर सगळ्यांचा कोटा अडतो. कोटा पद्धत २००४ अखेर संपली, पण तेच तत्त्व शुल्काला लावता येतं: ठरलेल्या वर्षी ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या तरच शुल्ककपातीचा पुढचा टप्पा. तुमच्या मसुद्यात कपातीचं वेळापत्रक असेलच. प्रत्येक टप्प्याआधी बाळंतरजेवरून परतीचं प्रमाण, तासाच्या वेतनातली तफावत आणि संघटनांनी नोंदवलेल्या तक्रारींचा निकाल, हे तीन आकडे स्वतंत्र यंत्रणेकडून जाहीर व्हावेत, अशी ओळ त्या वेळापत्रकाखालीच घालायला सांगा. लिंगसमानतेच्या प्रकरणात घातलीत तर ती तंटा-निवारणाबाहेर जाईल.

उत्तरा

वेळापत्रक परिशिष्टात आहे, पाच टप्प्यांचं, आणि परिशिष्टं कराराचा अविभाज्य भाग आहेत असं कलमही सापडलं. ओळ तिथेच सुचवते. बांधावरून, महसुलाचे तीन प्रश्न अर्थखात्याला पाठवण्याच्या पत्रात घेतले, सहकरारदाराची अट शेतीच्या भागात. मसुदा झाला की आकड्यांचा तक्ता इथे टाकेन, शुल्कसूचींनी कोडची जुळणी एकदा तपासावी.

शुल्कसूची

टाका. घरबसल्या नगावर काम करणाऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवा, आकडा नसला तरी. आणि बांधावरून म्हणतात ते बरोबर आहे, घरच्या शेतीत बिनपगारी राबणाऱ्या स्त्रियांचा रकानाही त्याच्या शेजारी हवा. सर्वेक्षणात 'कुटुंबाच्या व्यवसायात मदतनीस' या नावाखाली शोधा.